सरकारी कचेरीत ओपन सोर्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषदेचा संगणक विभाग सांभाळणारे, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, निविदा समितीवर बोलावलेले कॉलेजचे प्राध्यापक आणि माहिती अधिकारात अर्ज टाकणारे नागरिक यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचा. जुन्या मराठी फायलींचा प्रश्न मात्र वगळू नका, बहुतेक कचेऱ्यांचं घोडं तिथेच पेंड खातं.

ओपन सोर्स म्हणजे फुकट, बरोबर ना?

परवाना बहुतेक वेळा फुकट असतो, पण ओळख त्यावरून ठरत नाही. केंद्र सरकारच्या ओपन सोर्सबद्दलच्या २०१५ च्या धोरणात दोन अटी आहेत. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअर ज्या ओळींनी बनतं तो मूळ मजकूर, वापरणाऱ्याला अभ्यासता, बदलता आणि मूळ किंवा बदललेल्या रूपात पुढे वाटता आला पाहिजे, आणि त्यावर रॉयल्टी नसावी. गूगल क्रोम फुकट मिळतो तरी या व्याख्येत बसत नाही. ज्याच्यावर तो बांधला आहे तो क्रोमियम बसतो. रेड हॅट कंपनीचं लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) इतर कंपन्या वर्षाची वर्गणी भरून घेतात, तरी ते ओपन सोर्सच.

एक आगाऊ सल्ला: कार्यालयीन टिपणीत 'मोफत' हा शब्द लिहू नका. लेखा विभागाने तो एकदा वाचला की पुढच्या अंदाजपत्रकात प्रशिक्षण आणि देखभालीसमोर शून्य येतं. त्या शून्याने जेवढे प्रकल्प मारले असतील तेवढे व्हायरसने मारले नसतील.

केंद्राचं धोरण सक्तीचं आहे का?

कागदावर आहे. मार्च २०१५ मध्ये आलेलं हे धोरण स्वतःला अनिवार्य म्हणवतं. सक्ती कशाची, ते नीट वाचावं लागतं. निविदा काढताना पुरवठादारांनी बंदिस्त (मालक ज्याचा कोड दाखवत नाही अशा) सॉफ्टवेअरबरोबर ओपन सोर्सचाही विचार करावा, अशी अट स्पष्ट लिहायची. पुरवठादाराने तो पर्याय वगळला तर त्याने कारण द्यायचं. विभागाने दोन्ही पर्याय क्षमता, नियंत्रण, विस्ताराची सोय, सुरक्षा, पूर्ण आयुष्याचा खर्च आणि सपोर्ट या मुद्द्यांवर तोलायचे. म्हणजे सक्ती तुलनेची आहे, खरेदीची नाही.

अपवादाची दारंही आहेत: विशेष क्षेत्र जिथे तसं सॉफ्टवेअरच नाही, तातडीची किंवा धोरणात्मक गरज, आणि त्या तंत्राची जाणकार माणसं नसणं. शेवटचं कारण कुठल्याही कचेरीला कुठल्याही दिवशी देता येतं, आणि जाणकार माणसं नाहीत म्हणून जे घेतलं नाही त्याची जाणकार माणसं पुढच्या वर्षीही तयार झालेली नसतात. तुलना न केल्याबद्दल कुणाला दंड होईल अशी तरतूद धोरणात नाही. माझ्या मते धोरणाची भाषा उत्तम आहे, फक्त दात नाहीत.

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेला ते लागू होतं का?

आपोआप नाही. ते केंद्र सरकारच्या संस्थांना आणि जी राज्यं स्वीकारतील त्यांना लागू आहे. पण राज्याने स्वीकारलं नाही म्हणून मुख्याधिकाऱ्याने निविदेत तशी अट घालायची नाही, असंही कुठे लिहिलेलं नाही. केंद्राच्या धोरणाचा संदर्भ देऊन टिपणी ठेवली तर स्थायी समितीसमोर तोंड देणं सोपं जातं.

स्वदेशी सॉफ्टवेअर घेतलं की झालं, नाही का?

हा घोळ सध्या सर्वांत जास्त आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचे ईमेल एनआयसीच्या (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) निविदेतून झोहोच्या यंत्रणेवर गेले. झोहो भारतीय कंपनी आहे, तिचं काम चांगलं आहे, आणि तिचं सॉफ्टवेअर बंदिस्त आहे. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. यूपीआय आपलं आहे, पण ओपन सोर्स नाही. आधारच्या यंत्रणेत ओपन सोर्सचे घटक भरपूर वापरले आहेत, पण खुद्द आधारचा कोड तुम्हाला डाउनलोड करता येणार नाही. उलट लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरची संस्था जर्मनीत आहे आणि त्याचा कोड सोलापुरातला विद्यार्थी आज रात्री उघडून वाचू शकतो.

मालक कुठल्या देशाचा, हा एक प्रश्न. मालकाशी बिनसलं तर आपलं काम चालू राहील का, हा दुसरा. दोन्ही विचारावेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहू नये.

मालकाशी बिनसतं म्हणजे काय? असं कधी होतं का?

जुलै २०२५ मध्ये झालं. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय आणि गुजरातमध्ये वाडीनारला तेल शुद्धीकरण कारखाना असलेली कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, परवाने वैध, तरी कर्मचाऱ्यांचं ईमेल बंद. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली.

यावरून 'उद्या आपलंही बंद करतील' अशी भीती घालायची गरज नाही. पण 'नियंत्रण' हा २०१५ च्या धोरणातला शब्द तोवर अनेकांना पुस्तकी वाटत होता, तो अचानक कळला. आणि दुसरी बाजूही बघा: ओपन सोर्स मेल सर्व्हर परदेशी कंपनीच्या क्लाउडवर भाड्याने ठेवला असेल तर ती कंपनी तुमचं मशीनच बंद करू शकते. कोड हातात असल्याचा फायदा एवढाच की तो दुसरीकडे उभा करता येतो. तोही बॅकअप स्वतःकडे असेल तर.

पैसे खरंच वाचतात का?

वाचतात, पण सांगतात तेवढे नाहीत आणि सांगतात तिथे नाहीत. आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण केरळचं. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' सुरू झालं, आता त्याचं नाव 'काइट'. सुरुवातीला विंडोज होतं. शिक्षकांमधूनच आक्षेप आला आणि शाळा टप्प्याटप्प्याने लिनक्सवर गेल्या. काइट उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारित स्वतःची आवृत्ती बनवतं, पाठ्यपुस्तकात जिओजेब्रा, इंकस्केप, लिब्रेऑफिस आहे, आणि दहावीची आयटीची परीक्षाही त्यावरच होते. ३,००० कोटी रुपये वाचले असं काइट सांगतं.

तो आकडा जसाच्या तसा भाषणात वापरू नका. न घेतलेल्या परवान्यांची ती किंमत आहे आणि मोठ्या ग्राहकाला कुठलीही कंपनी छापील किंमत लावत नाही. केरळचं खरं यश मला वेगळं वाटतं: प्रशिक्षण देणारे मास्टर ट्रेनर त्यांनी शाळांमधल्या शिक्षकांतूनच घडवले. बदली झाली तरी ते शिक्षण खात्यातच राहतात. परवान्याचा पैसा वाचवून तो कपाटात ठेवला नाही, माणसांवर लावला. तुमच्या कचेरीत हे होणार नसेल तर बचतीचा तक्ता मांडण्यात अर्थ नाही.

म्युनिकमध्ये हा प्रयोग फसला ना?

प्रत्येक बैठकीत कुणीतरी हे काढतंच, म्हणून सविस्तर सांगतो.

२००३ मध्ये म्युनिकच्या नगरपालिकेने विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. गोष्ट एवढी मोठी होती की मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धी टाकून महापौर क्रिस्टिआन ऊडे यांना भेटायला आले. भाव उतरवला, तरी नगरपालिका बधली नाही. त्यांनी 'लिमक्स' नावाची स्वतःची आवृत्ती तयार केली, पत्रांचे आणि अर्जांचे हजारो नमुने सांभाळायला 'वोलमक्स' नावाचं साधन लिहिलं, आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक हलवले. नगरपालिकेच्या हिशेबात एक कोटी युरोंहून जास्त वाचले. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करून घेतलेल्या अभ्यासात बरोबर उलटा निष्कर्ष निघाला. दोन्ही बाजूंचे अभ्यास कोणी करवून घेतले हे पाहण्याची सवय लावून घ्या.

२०१४ मध्ये महापौर बदलले, डीटर रायटर आले. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्याच: बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, आवृत्त्या जुन्या आहेत, दुरुस्तीला वेळ लागतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं जर्मनीतलं मुख्यालय म्युनिक शहरात आलं. त्याच वर्षी सल्लागार कंपनीचा अहवाल आला. त्यात विंडोजकडे परतायची वाट सुचवली होती, पण वाचणाऱ्यांनी हेही टिपलं की मोठा दोष कारभाराच्या मांडणीवर ठेवलेला आहे: खात्याखात्यांत विखुरलेले आयटी विभाग आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही अशी स्थिती. २०१७ मध्ये परत जायचं ठरलं. २०२० मध्ये नवी आघाडी आली आणि तिने सार्वजनिक पैशातून झालेला कोड खुला ठेवू, असं पुन्हा करारात लिहिलं.

तेव्हा फसला का? दहा वर्षं एक महानगर त्यावर चाललं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या नाही. राजकीय पाठबळ गेल्यावर टिकला नाही, हे खरं. आपल्याकडे महापौर बदलायचीही वाट बघावी लागत नाही, आयुक्तांची बदली पुरते.

मग टिकलेलं उदाहरण कुठलं?

फ्रान्सचं जाँदार्मरी, म्हणजे ग्रामीण भाग आणि लहान गावं सांभाळणारं त्यांचं निमलष्करी पोलीस दल. त्यांनी २००५ च्या सुमाराला विंडोजला हातही लावला नाही. आधी ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं, मग ब्राउझर आणि ईमेल: ओपनऑफिस, फायरफॉक्स, थंडरबर्ड. शिपायांना दोन-तीन वर्षं त्यांची सवय झाल्यावर २००८ पासून खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तीही नवीन संगणक येतील तसतशी. माणूस ज्या खिडक्यांत दिवसभर काम करतो त्या तशाच राहिल्या, त्यामुळे बोंब झाली नाही. आज त्यांचे सुमारे एक लाख संगणक 'जेंडबुंटू' या त्यांच्या स्वतःच्या उबुंटूवर आधारित आवृत्तीवर आहेत.

अलीकडचं उदाहरण जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याचं. २०२४ मध्ये त्यांनी सुमारे ३०,००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणायचा निर्णय घेतला आणि २०२५ मध्ये ४०,००० हून अधिक मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवरून ओपन-एक्सचेंज या ओपन सोर्स यंत्रणेवर हलवले. क्रम पुन्हा तोच: ऑफिस, मेल, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नंतर. आपल्याकडे मात्र उत्साही अधिकारी सोमवारी सकाळी आस्थापना शाखेच्या संगणकावर एकदम लिनक्स टाकतो आणि बुधवारी युनियनचं निवेदन येतं.

आमच्या जुन्या मराठी फायलींचं काय होणार?

हा प्रश्न आधी विचारलात तर निम्मं काम झालं. तुमच्याकडे दोन प्रकारच्या फायली असतील. एक, युनिकोडमधल्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतल्या. दुसऱ्या, श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी अशा जुन्या फॉन्टमधल्या. या दुसऱ्या प्रकारात संगणकाच्या लेखी मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढला की पडद्यावर कचरा दिसतो. या फायली विंडोजवर राहिलात तरी मरणारच आहेत, कारण त्यांत शोध घेता येत नाही, क्रमवारी लागत नाही आणि संकेतस्थळावर टाकता येत नाहीत. केंद्राने युनिकोड हे ई-प्रशासनासाठी अक्षरांचं प्रमाणक म्हणून २००९ मध्येच जाहीर केलं आहे. तेव्हा रूपांतराचा खर्च ओपन सोर्सच्या खात्यावर टाकू नका. तो उधारीवर राहिलेला जुना खर्च आहे.

रूपांतराची साधनं मिळतात, पण डोळे मिटून विश्वास ठेवू नका. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि आकडे इथे चुका होतात. ठरावांच्या नोंदवहीत आकडा चुकला तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून मूळ फायल पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत बसवून, आणि मगच रूपांतर करा.

युनिकोडमधल्या फायलींतही एक बारीक खोच आहे. 'दुसऱ्या', 'वाऱ्याने' यांतला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधात मात्र एक सापडतो आणि दुसरा निसटतो. जन्म-मृत्यू नोंदणीत गाव किंवा आडनाव शोधताना हा प्रकार माणसाला वेड लावतो. डेटाबेस हलवताना सगळं एका रूपात आणून घ्या, ही संधी परत येत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट दिसतं का? पान बिघडतं अशी तक्रार आहे.

जोडाक्षरं नीट दिसतात. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड सगळे अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हे एकच ओपन सोर्स इंजिन वापरतात, म्हणजे तुमच्या मोबाइलवर मराठी जसं दिसतं तसंच तिथेही.

पान बिघडतं ते फॉन्टमुळे. कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आहे, टाइम्स आणि एरिअलसाठी लिबरेशन आहे. पण मंगल आणि कोकिळा हे मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट आहेत, लिनक्सवर ते येत नाहीत आणि त्यांच्या नेमक्या मापाचा जुळा नाही. दुसरा फॉन्ट लागला की ओळ सरकते, मग तक्ता पुढच्या पानावर जातो आणि साहेबांची सही एकटीच तिसऱ्या पानावर पडते. उपाय तंत्राचा कमी, शिस्तीचा जास्त: सगळ्या संगणकांवर, विंडोजवरच्याही, एकच खुला फॉन्ट टाका आणि नमुने त्यात बनवा. पर्याय भरपूर आहेत. लोहित देवनागरी रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं सांभाळला. एक टाइपचा मुक्त आहे. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फॉन्ट आणले आहेत. सरकारच्याच संस्थेचा फॉन्ट सरकारी परिपत्रकात का दिसत नाही, हा प्रश्न आपण एकमेकांना विचारू.

शिवाय दस्तऐवजाची भाषा 'मराठी' लावा, 'हिंदी' ठेवू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात.

एक्सेलमधल्या मॅक्रोंचं काय?

लेखा शाखेत एखाद्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं पगारपत्रकाचं मॅक्रो (एक्सेलमधलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) असतं आणि तो माणूस आता निवृत्त झालेला असतो. ते लिब्रेऑफिसमध्ये बहुधा जसंच्या तसं चालणार नाही. अशा दोन-चार संगणकांवर एक्सेल राहू द्या. शंभर टक्क्यांचा हट्ट धरला की विरोधकांना आयतं कोलीत मिळतं. फ्रेंच पोलिसांनीही सगळी विंडोज यंत्रं काढली नाहीत.

कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो. मग सुरक्षित कसं?

कोड दिसणं आणि कुलपाची किल्ली मिळणं यात फरक आहे. पण 'हजारो डोळे बघत असतात' हे वाक्यही मी वापरणार नाही, कारण बरेचदा कुणीच बघत नसतं. इंटरनेटवरचे संदेश सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष २०१४ मध्ये उघड झाला तेव्हा तो दोन वर्षं तिथे पडून होता. प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या घटकातल्या डिसेंबर २०२१ च्या दोषाने जगभरच्या आयटी विभागांची झोप उडवली. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या छोट्या घटकात कुणीतरी दोन वर्षं सज्जनपणे काम करून विश्वास मिळवला आणि मागचं दार बसवलं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्या शंकेवरून. ते मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होते, ही त्यातली गंमत. कोड खुला होता म्हणून त्यांना मुळापर्यंत जाता आलं, आणि सांभाळणारा एकटा माणूस थकलेला होता म्हणून ते दार बसवता आलं. दोन्ही लक्षात ठेवा.

तुमच्या कचेरीपुरतं: आपल्या यंत्रणेत कोणकोणते घटक आहेत, कुठल्या आवृत्तीचे, याची यादी पुरवठादाराकडून घ्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये अशा यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यादी नसेल तर पुढचा लॉगफोरजे आल्यावर तुम्हाला तो तुमच्याकडे आहे की नाही हेच कळणार नाही.

बिघडलं तर धरायचं कुणाला?

ज्याच्याशी देखभाल करार केलात त्याला. करार न करता टाकलं असेल तर कुणालाच नाही. पण सध्याच्या बंदिस्त सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही शेवटचं कुणाला धरलं होतं, हेही आठवून पाहा. ऑफिसच्या वर्ड-एक्सेलला अडचण आली की आपण गावातल्या हार्डवेअरवाल्यालाच बोलावतो.

एक धोका खरा आहे: प्रकल्प दिशा बदलतात. सर्व्हरसाठी आवडत्या सेंटओएस या लिनक्सची आठवी आवृत्ती बंद होणार असं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं आणि वर्षभरात ती बंद केली गेली. सर्व्हर उभारायचं साधन टेराफॉर्म, त्याने २०२३ मध्ये परवाना बदलला, रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये. मात्र प्रत्येक वेळी समाजातून पर्याय उभा राहिला, सेंटओएसच्या जागी रॉकी आणि अल्मा आले. बंदिस्त सॉफ्टवेअर बंद झालं तर ती वाट नसते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, म्हणून कचेऱ्यांतली चालू स्थितीतली यंत्रं भंगारात निघायच्या रांगेत आहेत. त्यांच्यावर लिनक्स सहज चालेल. नुसत्या ब्राउझरवर काम करणाऱ्या नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीपासून सुरुवात करायला ही चांगली वेळ आहे. आधी डीएससी (डिजिटल सहीच्या) टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर आणि स्कॅनर चालतात का ते मात्र तपासा. सहीच होत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

बॉस लिनक्स वापरावं का? आणि माया?

बॉस हे सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर बांधलेलं, भारतीय भाषांची सोय असलेलं लिनक्स आहे. 'माया' उबुंटूवर आधारलेलं, संरक्षण मंत्रालयासाठीचं. त्याची बातमी २०२३ मध्ये आली. ते तुमच्या-माझ्यासाठी नाही. बॉस, डेबियन, उबुंटू यांतलं काय घ्यावं यावर वाद घालण्यात महिने जातात. तुमच्या तालुक्यात ज्याची दुरुस्ती करणारा मिळतो ते घ्या.

प्रशिक्षण मराठीत मिळेल का?

मिळेल, आणि चकटफू. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिसचे रायटर, कॅल्क, इम्प्रेस यांचे धडे मराठी आवाजात आहेत, छोट्या छोट्या चित्रफितींत. शुक्रवारी दुपारी एक धडा लावला तरी तिमाहीत शाखा तयार होते.

दृष्टिहीन कर्मचाऱ्यांची अडचण होईल का?

हा प्रश्न अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने चुकवला. २००५ मध्ये त्या राज्याने ओडीएफ हे दस्तऐवजांचं खुलं स्वरूप सक्तीचं करायचं ठरवलं आणि अपंगांच्या संघटनांनी विचारलं की आमचे स्क्रीन रीडर त्या सॉफ्टवेअरबरोबर चालतात का. तेव्हा उत्तर 'नाही' असं होतं. धोरणाचे कर्ते पीटर क्विन यांनी अखेर पद सोडलं आणि २००७ मध्ये राज्याने मायक्रोसॉफ्टचं स्वरूपही यादीत घेतलं. आज विंडोजवर एनव्हीडीए हा ओपन सोर्स स्क्रीन रीडर भारतभर वापरला जातो आणि तो मराठी वाचतो. लिनक्सवर ऑर्का आहे, पण एनव्हीडीएची सवय असलेल्याला तो परका वाटतो. अशा सहकाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा संगणक बदलू नये.

आम्ही पैसे देऊन बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा कोड आमचाच ना?

करारात लिहिलं असेल तरच. सगळ्यात जास्त पैसा इथे अडकतो. मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर एका ठेकेदाराने केलं, पाच वर्षांनी मुदत संपली, आणि नव्या ठेकेदाराला देण्यासारखं विभागाकडे काही नाही: कोड नाही, डेटाबेसचा आराखडा नाही. मग जुन्यालाच मुदतवाढ, तो सांगेल त्या दराने. लिनक्स की विंडोज या वादापेक्षा हा मुद्दा दहापट मोठा आहे.

निविदेत एवढं तरी घाला: कोडचे हक्क विभागाचे. कोड पहिल्या दिवसापासून विभागाच्या ताब्यातल्या गिट भांडारात (कोड आणि त्यातला प्रत्येक बदल साठवणाऱ्या जागेत), शेवटी सीडीवर नाही. सगळा डेटा खुल्या स्वरूपात बाहेर काढायची सोय. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ठेकेदाराचा संबंध नसलेल्या माणसाने तो कोड कोऱ्या मशीनवर उभा करून दाखवायचा. ही शेवटची अट वाचली की निविदापूर्व बैठकीत कुरकुर सुरू होते. त्यावरून अट बरोबर आहे हे ओळखावं. अवघड वाटत असेल तर स्थानिक अभियांत्रिकी कॉलेजला ते काम द्या.

सरकारने स्वतःचा कोड जगासाठी खुला करावा का?

केंद्राने २०१५ मध्येच त्यासाठी वेगळं धोरण आणलं, ओपनफोर्ज नावाचं भांडारही उभं केलं. आरोग्य सेतूच्या अँड्रॉइड ॲपचा कोड २६ मे २०२० ला खुला झाला. पण फोनवर चालणारं ॲप आणि भांडारातला कोड एकमेकांशी जुळत नाहीत अशी टीका लवकरच झाली. कोड एकदा टाकून देणं म्हणजे खुलं करणं नव्हे, तो रोज तिथेच लिहावा लागतो. चांगली उदाहरणंही आहेत. बंगळुरूच्या ट्रिपल आयटीत २०१८ मध्ये सुरू झालेलं मोसिप हे ओळखपत्र व्यवस्थेचं सॉफ्टवेअर फिलिपीन्स आणि मोरोक्को यांनी घेतलं. ईगव्हर्नमेंट्स फाउंडेशनच्या डिजिट या मंचावर पंजाबातल्या नगरपालिका चालल्या, आणि राष्ट्रीय नागरी कार्य संस्थेचा 'उपयोग' नावाचा मंच त्यावरूनच बेतला आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी हे सगळं त्यात आहे. प्रत्येक नगरपरिषदेने पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर नव्याने का लिहून घ्यावं, याला मला अजून समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

मी साधा नागरिक आहे. मी काय विचारू शकतो?

माहिती अधिकारात कागद मागा, मत मागू नका. 'ओपन सोर्स का घेतलं नाही?' याला माहिती अधिकारी सरळ उत्तर देणार नाही, कारण ते नोंदीत नसतं. त्याऐवजी अमुक निविदेत पर्यायांच्या तुलनेचा तक्ता असल्यास त्याची प्रत, सोर्स कोडच्या हक्काबद्दलचं करारातलं कलम, गेल्या पाच वर्षांत परवान्यांवर आणि देखभालीवर झालेला खर्च, आणि मुदतवाढीचे ठराव, असं मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये. करार नाकारताना कलम ८(१)(घ), म्हणजे व्यापारी गुपिताचं कारण पुढे केलं जाण्याची शक्यता आहे. त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असंही लिहिलं आहे, ते ३० दिवसांच्या आत करायच्या पहिल्या अपिलात शब्दशः उद्धृत करा.